गाईच्या नजरेने पाहणारी मुलगी



या सदरात आपण बियाणे, खते, फवारणी यांविषयी बोलतो. आज मुलांच्या पुस्तकांविषयी बोलायचे आहे. त्यांतल्या पहिल्या पुस्तकात गाई आहेत, गोठे आहेत, तेव्हा विषय आपल्या घरचाच समजा.

काही मुले उशिरा बोलतात. हाक मारली तर वळून पाहत नाहीत, हवी ती वस्तू बोटाने दाखवीत नाहीत. एकच खेळ तासन्‌ तास खेळतात, हात फडफडवतात, मोठ्या आवाजाने कान झाकून रडतात. गावात कोणी अशा मुलाला 'खुळे' म्हणते, कोणी देवऋषाकडे न्यायला सांगते, कोणी आईच्या गरोदरपणातले ग्रहण काढते. याला 'स्वमग्नता' म्हणतात, इंग्रजीत ऑटिझम. ही बाहेरची बाधा नव्हे आणि आईची चूक तर मुळीच नव्हे. मुलाचा मेंदू जन्मापासूनच वेगळ्या रीतीने काम करीत असतो.

अमेरिकेतल्या टेंपल ग्रँडिन या बाईंचे चरित्र साय माँटगोमेरी यांनी २०१२ साली मुलांसाठी लिहिले. टेंपल १९४७ साली बोस्टन शहरात जन्मली. साडेतीन वर्षांची होईपर्यंत ती बोलली नाही. तिला संस्थेत ठेवावे असे वडिलांचे मत होते, पण आई अडून बसली. तिने मुलीला घरी ठेवले, बोलायला शिकवणाऱ्या बाई लावल्या. त्या काळी तिकडचे मोठमोठे डॉक्टरसुद्धा आईच्या कोरड्या वागण्याने मुले अशी होतात असे म्हणत. पुढे ते साफ खोटे ठरले. आईला बोल लावण्याची खोड फक्त आपल्याच गावात आहे असे नाही!

टेंपल मोठी झाल्यावर सुटीत सावत्र वडिलांच्या बहिणीच्या गुरांच्या मळ्यावर गेली. तिथे लस टोचताना जनावर खोड्यात घेत. दोन्ही बाजूंच्या फळ्यांनी अंग सारखे दाबले गेले की बिथरलेली गाय शांत होई. टेंपलला माणसांनी कवटाळलेले सहन होत नसे, पण जीव सतत घाबराघुबरा असे. तिने स्वतःसाठी तसाच लाकडी खोडा बनवला आणि त्यात तिला शांत वाटू लागले. शाळेतल्या लोकांना तो प्रकार विचित्र वाटला. विज्ञानाच्या मास्तरांनी मात्र तिला हसण्याऐवजी सांगितले, "शांत का वाटते ते शोधून काढ." त्या एका वाक्याने मुलगी अभ्यासाला लागली.

पुढे तिने गुरांचेच काम धरले. जनावर वाटेत अडले की लोक काठी उगारत. टेंपल त्या वाटेत उतरे आणि गाईच्या डोळ्यांच्या उंचीवर वाकून बघे. कुठे साखळी लोंबत असे, कुठे कुंपणावर कोट टाकलेला, कुठे जमिनीवर गडद सावली, कुठे डबक्यात ऊन चमकत असे. ते काढले की जनावर आपोआप पुढे जाई. तिने गुरांसाठी वळणाच्या वाटा आखल्या, कारण आलो तिकडेच वळून जाण्याकडे गुरांचा कल असतो. यातली बरीच कामे कत्तलखान्यांची होती. आपल्यातल्या काहींना ते रुचणार नाही, पण जनावराला शेवटपर्यंत भीती आणि इजा होऊ नये हा तिचा आग्रह होता. १९८९ साली तिने डॉक्टरेट मिळवली आणि कोलोरॅडोच्या विद्यापीठात ती प्राध्यापक झाली. तुमचाही बैल उगाच अडत असेल, तर चाबूक ठेवा आणि एकदा त्याच्या उंचीवर वाकून बघा.

मात्र प्रत्येक स्वमग्न मूल टेंपल होत नाही. काही मुले कधीच बोलत नाहीत, काहींना जन्मभर आधार लागतो. म्हणून सिंथिया लॉर्ड यांची 'रूल्स' ही २००६ सालची कादंबरीही सांगतो. बारा वर्षांची कॅथरीन आपल्या स्वमग्न भावासाठी वागण्याचे नियम लिहून ठेवते. तिला भावाची माया आहे, आणि चारचौघांत त्याची लाजही वाटते. अशा घरातल्या थोरल्या बहिणीला हे वाचून कळेल की आपल्याला वाटते ते पाप नाही. लेखिकेचा स्वतःचा मुलगा स्वमग्न आहे.

तिसरे पुस्तक एल मॅकनिकॉल यांचे 'अ काइंड ऑफ स्पार्क', २०२० सालचे. लेखिका स्वतः स्वमग्न आहेत. स्कॉटलंडमधल्या एका खेड्यातल्या ॲडी या मुलीला कळते, की पूर्वी तिच्या गावात बायांना चेटकिणी ठरवून मारले होते. त्या आपल्यासारख्याच वेगळ्या असतील, असे तिला वाटते, आणि ती त्यांच्या स्मारकासाठी गावाशी भांडते. जादूटोण्याविरुद्ध २०१३ साली कायदा करावा लागलेल्या महाराष्ट्राला ही गोष्ट परकी वाटू नये.

ही पुस्तके मुळात इंग्रजीत आहेत. तुमच्या घरातल्या कॉलेजच्या पोराने वा शाळेतल्या बाईंनी ती वाचावीत आणि रात्री जेवणानंतर मुलांना आपल्या भाषेत गोष्ट सांगावी. वर्गातली पोरे एकदा समजून घेऊ लागली, की स्वमग्न मुलाचे निम्मे हाल कमी होतात.

तुमच्या घरी असे मूल असेल तर चार कामे करा.

पहिले, विहिरीला कठडा आणि शेततळ्याला कुंपण घाला. ही मुले न सांगता निघून जातात आणि पुष्कळांना पाण्याची ओढ असते. औषधांच्या बाटल्या कुलपात ठेवा.

दुसरे, दिवसाचा क्रम शक्यतो मोडू नका. मळणी यंत्र सुरू करायचे असेल, लग्नाला जायचे असेल, तर आधी सांगा. बोलणे समजत नसेल तर चित्र दाखवा.

तिसरे, जमेल ते एक काम त्याचेच म्हणून द्या. शेळीला पाला घालणे, अंडी गोळा करणे, काहीही चालेल.

चौथे, अंगणवाडीताई वा आशाताईंना सांगून मुलाला जिल्हा रुग्णालयात तपासून घ्या. जितके लवकर शिकवावे तितका फायदा होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, तेव्हा प्रमाणपत्र मागायला संकोच करू नका. बरे करतो म्हणून पैसे उकळणाऱ्यापासून मात्र दूर राहा. ही मुले घडतात ती शिकवण्याने आणि सांभाळण्याने.

एकाच शिवारात काळी जमीन असते आणि मुरमाडही असते. दोन्हींत एकच पीक घेण्याचा हट्ट शहाणा शेतकरी धरत नाही. घरातल्या लेकरांनाही तोच न्याय लावू या.