नाव विकत मिळते, संघ नाही

हाती तरुण बास्केटबॉल संघ आहे आणि बाजारात एक करारमुक्त महान खेळाडू आहे. त्याला घ्यावे का? माझे उत्तर : नाही. पुरावा ब्रुकलिन नेट्सचा.

2018-19 मध्ये डिअँजेलो रसेल, कॅरिस लेव्हर्ट, जॅरेट अ‍ॅलन या पोरांनी 42 सामने जिंकून संघ प्लेऑफमध्ये नेला. त्याच उन्हाळ्यात व्यवस्थापनाने केव्हिन ड्युरंट आणि कायरी अर्विंग आणले. रसेल गेला, प्रशिक्षक केनी अ‍ॅटकिन्सन गेले, पुढे जेम्स हार्डनसाठी लेव्हर्ट आणि अ‍ॅलनही गेले. मिळाले काय? प्लेऑफमधली एकच मालिका, तीही 2021 मध्ये. फेब्रुवारी 2023 पर्यंत तिन्ही तारे निघून गेले होते.

अर्विंग रोजे ठेवतो, म्हणून आपली काही मुले त्याची बाजू घेतात. त्याच्या इमानाचा मला आदर आहे. पण रोजा हा बंदा आणि अल्लाह यांच्यातला मामला. संघबांधणीचा हिशेब वेगळा.

कुणी म्हणेल, 2016 मध्ये ड्युरंट आला आणि गोल्डन स्टेटने लागोपाठ दोन अजिंक्यपदे मिळवली. खरे आहे. पण तो संघ आदल्याच मोसमात 73 सामने जिंकलेला होता, कच्चा नव्हता. उलट ओक्लाहोमा सिटीने 2021-22 मध्ये फक्त 24 विजयांची नामुष्की सोसली, पोरांना वाढू दिले आणि 2025 मध्ये अजिंक्यपद जिंकले.

ओल्या भिंतीवर घुमट चढवू नका. आधी भिंत सुकू द्या.