माती-पाणी : आधी काय उपसायचं?

जागा प्रदूषित ठरली की पहिला प्रश्न पैशाचा. सगळी माती उपसून नेणं कुणालाच परवडत नाही, म्हणून कोणतं विष आधी काढायचं याचा क्रम लावावा लागतो. आपल्याकडे तो अहवालातल्या आकड्यांवरून लावायचा मोह होतो. ज्याचा आकडा मर्यादेच्या जास्त वर, ते आधी. मावळात तरी हा हिशेब चालणार नाही.

शिसं सहसा मातीच्या कणांना धरून बसतं. ते पोचतं धुळीतून, मुलांच्या मळक्या हातांतून. शाळेच्या मैदानात त्याचा नंबर पहिलाच. पण कुणी फिरकत नाही अशा पक्क्या कुंपणाआड ते थोडं थांबू शकतं. सहा-संयुजी क्रोमियम थांबत नाही. ते पाण्यात विरघळतं आणि पाण्याबरोबर चालू लागतं. त्यातून लोणावळ्याचा पाऊस, वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे! कातळाच्या भेगेत शिरलेलं पाणी कोणाच्या विहिरीत निघेल, हे सातबारा पाहून कळत नाही.

भाताची गोष्ट तर आणखी निराळी. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आलेला 'इंद्रायणी' आज घरोघरी शिजतो. मातीत आर्सेनिक असेल, तर खाचरात पाणी तुंबलेलं असताना ते मोकळं होऊन रोपात चढतं. पाणी काढून दिलं की ते दबतं, पण मग कॅडमियम असेल तर ते चढू लागतं. एकाच खाचरात, एकाच हंगामात क्रम उलटा होतो. मे महिन्यातली कोरडी ढेकळं पिशवीत भरून नेली, तर त्यातलं काय दिसणार? नमुने भर पावसात घ्यावेत, विहिरीचंही पाणी तपासावं आणि कापणीनंतर दाणाही.

अमेरिकेच्या प्राधान्य-यादीत आर्सेनिक, शिसं आणि पारा वरच्या जागी असतात. तिथेही नुसता विषारीपणा धरत नाहीत. पदार्थ किती ठिकाणी सापडतो, माणसापर्यंत पोचतो का, हेही मोजतात. ही पद्धत घ्यावी, यादी मात्र आपली करावी.

केंद्रानं जुलै २०२५ मध्ये प्रदूषित जागांचे नियम काढले. तोवर देशात अशा १०३ जागा नोंदलेल्या होत्या आणि काम सुरू झालं होतं फक्त सात ठिकाणी. नव्या नियमांत १८९ घातक रसायनं आहेत, तपासणीच्या मुदती आहेत, खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून वसूल करण्याची तरतूद आहे. कचरा डेपोतला घनकचरा मात्र वगळलाय. लोणावळ्याचा कचरा जातो त्या वरसोलीकरांनी हे ध्यानात ठेवावं. (जमिनीत झिरपणाऱ्या पाण्याला हे अपवाद कोण समजावणार, कोण जाणे.)

संशयित जागांची यादी करण्याचं काम स्थानिक संस्था आणि जिल्हा प्रशासनाकडे आहे आणि नागरिकांच्या तक्रारीवरूनही जागा तीत घेता येते. तुमच्या शिवारात शंका येण्यासारखी जागा असेल, तर ग्रामसभेत ठराव करा. त्यात गट क्रमांकाबरोबर उतार कुठल्या ओढ्याकडे जातो आणि खाली कोणाची विहीर, कोणाचं खाचर आहे, तेही लिहून द्या.