शेवटचं औषध इतकं शेवटी का?

क्लोझापिनचं नाव काढलं की लोक आवाज खाली करतात. "ते विषारी औषध ना? रक्त खराब करतं म्हणे!" माझ्या मावसभावाला ते सुरू झाल्यापासून मी हे वाक्य दहा जणांकडून तरी ऐकलंय. प्रत्येकाशी वाद घालण्यापेक्षा इथेच काय ते लिहून टाकतो.

भीती खोटी नाही. १९७५ साली फिनलंडमध्ये हे औषध घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकाएकी घटल्या, त्यात ८ जण दगावले. बऱ्याच देशांत औषध मागे घेतलं गेलं. आपल्या मंडळींची गोष्ट इथेच संपते. पुढचं कोणी वाचतच नाही!

पुढचं असं. १९८८ साली अमेरिकेत जॉन केन आणि सहकाऱ्यांनी २६८ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळे इतर औषधांना दाद न देणारे. सहा आठवड्यांत क्लोझापिन घेणाऱ्यांपैकी ३० टक्के सुधारले, जुन्या क्लोरप्रोमझिनवर फक्त ४ टक्के. म्हणून औषध परत आलं, नियमित रक्ततपासणीच्या अटीवर. पेशी धोकादायकरीत्या घटण्याचा त्रास शंभरात जेमतेम एकाला होतो, तोही बहुतेक पहिल्या काही महिन्यांत. म्हणून तर सुरुवातीला दर आठवड्याला सुई टोचून घ्यायची. त्यातून होणारे मृत्यू आता दहा हजारांत एक-दोन.

आता दुसरी बाजू. औषध न देण्याचा हिशेब कोण मांडतं? स्किझोफ्रेनियाच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांना इतर औषधांचा पुरेसा गुण येत नाही. दोन औषधं योग्य मात्रेत, पुरेसे आठवडे देऊन पाहिली आणि उपयोग झाला नाही, तर क्लोझापिनचा विचार करावा, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आत्महत्येचे प्रयत्न ओलान्झापिनपेक्षा क्लोझापिनवर कमी होतात, हे २००३ सालच्या मोठ्या अभ्यासात दिसलं. आमच्या भावाला दोन नव्हे, पाच औषधं झाली. नऊ वर्षं गेली. इंजिनीअरिंग सुटलं, मित्र सुटले, एकदा तर तोच सुटत होता हातातून. आधीच्या डॉक्टरांनी या काळात क्लोझापिनचा उच्चारही केला नाही. त्या नऊ वर्षांना 'साइड इफेक्ट' का म्हणायचं नाही?

आणि भ्यायचंच असेल तर नीट भ्या. रक्ताकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पोटाकडे कोणाचंच नसतं. या औषधाने आतड्यांची हालचाल इतकी मंदावू शकते की साधी बद्धकोष्ठता जिवावर बेतते. अमेरिकेच्या एफडीएने २०२० साली याबद्दलचा इशारा आणखी कडक केला. पहिल्या काही आठवड्यांत हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते. वजन आणि साखर वाढते, रात्री लाळेने उशी भिजते, मात्रा जास्त असली तर फिट येऊ शकते. सिगरेट एकदम सोडली तर रक्तातली औषधाची पातळी चढते. दोन दिवसांहून जास्त खंड पडला तर मनाने जुनी मात्रा चालू करायची नाही, डॉक्टरांना विचारून पुन्हा थोड्यापासून चढवत न्यायची. ताप आला, घसा दुखला तर त्याच दिवशी रक्त तपासायचं. तेव्हा काका-मावश्यांनो, काळजी असेल तर "ते विष बंद करा" म्हणू नका. "पोट रोज साफ होतं का रे?" एवढं विचारा. खरंच उपयोग होईल :)

२०२५ साली एफडीएने रक्ततपासणीच्या नोंदींची सक्तीची यंत्रणाच काढून टाकली. तपासणी करू नका असा त्याचा अर्थ अजिबात नाही. कागदपत्रांच्या जाचापायी गरजूंपर्यंत औषधच पोचत नव्हतं, हे त्यांना मान्य करावं लागलं. आपल्याकडे जाच कागदांचा नाही, कुजबुजीचा आहे.

क्लोझापिन सगळ्यांना लागू पडत नाही. आमच्या भावाला किती पडेल ते अजून कळायचंय. पण ज्यांच्या घरी वर्षानुवर्षं गोळ्या नुसत्या बदलल्या जातायत, त्यांनी पुढच्या भेटीत डॉक्टरांना सरळ विचारावं : क्लोझापिन का नाही? कारण असेल तर ते समजून घ्या. नुसतीच भीती असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.