जांभा तापलेला नाही, मुरलेला आहे



मागच्या अंकात सांगलीच्या वाचकमित्रांनी पाचगणीच्या टेबललँडवरचा तांबडा दगड ‘लोहयुक्त रूपांतरित खडक’ ठरवला आहे. लोह खरे, रूपांतर नव्हे. तो दगड जांभा आहे, आणि जांभा म्हणजे बेसाल्ट पावसापाण्यात कुजून उरलेला गाळसाळ. त्यातली गोएथाइट, हेमटाइट ही खनिजे उघड्या हवेत, साध्या तापमानाला तयार झाली.

रूपांतरित लोहखडक पाहायचे तर गोवा, रेडी किंवा गडचिरोलीतले सुरजागड गाठावे. लोह आणि सिलिकेचे थर जमिनीत खोल दाबले आणि तापले, की खनिजे त्या दाब-तापमानाशी जुळवून घेतात. लोहाचे कार्बोनेट आणि क्वार्ट्‌झ यांच्यापासून ग्रुनराइट बनते. पण खनिजांचा हा समतोल सगळीकडे एकसारखा नसतो. हेमटाइटचा पट्टा आणि त्याला खेटून मॅग्नेटाइटचा पट्टा, असे जगभरच्या लोहखडकांत दिसते. याचा अर्थ इतकाच की प्राणवायू थराथरांतून मोकळा फिरला नाही. प्रत्येक थराने प्राणवायूचे आपले प्रमाण आपणच राखले. मला तर यातच खरी मौज वाटते.

आपल्या साताऱ्यात रूपांतरित खडक नाहीत असे मात्र नाही. कोयना खोऱ्यात गोठणे येथे २०१७ साली पूर्ण झालेले ३ किलोमीटर खोल वेधनछिद्र सुमारे १,२४७ मीटरवर बेसाल्ट संपवून ग्रॅनाइट-नाइसच्या पायात शिरले. साताऱ्याचा रूपांतरित खडक हवा असेल, तर तो तिथे, पायाखाली आहे.

– एक वाचक, कराड