मूठ हाताच्या मापाची हवी

आंतर-हाउस नेमबाजीच्या सरावात पाहिलेली एक गोष्ट मनात घर करून राहिली आहे. नववीतला एक डावखुरा कॅडेट उजव्या हातासाठी घडवलेल्या मुठीचे एअर पिस्तूल डाव्या हातात धरून नेम साधत होता. अंगठा टेकवण्यासाठी ठेवलेला उंचवटा त्याच्या तळव्यात रुतत होता. दहा छर्‍यांनंतर पिस्तूल खाली ठेवून तो म्हणाला, "माझा हातच चुकीचा आहे."

चूक हाताची नाही, मुठीची आहे. 10 मीटरवरील लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ फक्त 11.5 मिलिमीटर व्यासाचे असते. मूठ प्रत्येक वेळी तशीच बसली नाही, तर मनगट किंचित वळते आणि नेम हुकतो.

काही जण म्हणतात, सैनिकाला जे शस्त्र मिळेल ते चालवता आले पाहिजे. मुठीचे लाड कशाला? लढाईतले पिस्तूल कोणाच्याही हाती जाऊ शकते, म्हणून त्याची मूठ सर्वांना चालेल अशी असते, हे खरे. पण खेळाचे पिस्तूल वेगळे. शिवाय परेडचे बूट आपल्याला मापानेच मिळतात. त्याला कोणी लाड म्हणत नाही.

हंगेरीच्या सैन्यातील कारोय टाकाच यांचा उजवा हात 1938 मध्ये हातबॉम्बच्या स्फोटात निकामी झाला. ते डाव्या हाताने नेमबाजी शिकले आणि 1948 व 1952 च्या ऑलिंपिकमध्ये 25 मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले. जिद्द त्यांची होतीच. पण डाव्या हाताला उजव्या हाताची मूठ देऊन जिद्दीची परीक्षा घेण्यात काय अर्थ?

आता लाकडाविषयी. आपल्यापैकी अनेकांना कोकोबोलो, आबनूस अशा लाकडांच्या चकचकीत मुठी आवडतात. ही लाकडे दिसतात सुंदर, पण नवशिक्यासाठी ती नाहीत. ती इतकी कठीण असतात की कानस आणि पटाशी लवकर बोथट होतात. कोकोबोलो तेलकट असल्याने त्यावर डिंक नीट धरत नाही आणि त्याच्या भुशाने अंगावर पुरळ उठू शकते. शिवाय कोकोबोलो आणि आपला शिसव एकाच कुळातले. या लाकडांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराने नियंत्रित केला आहे. जगभरच्या नेमबाजांच्या मुठी बहुतेक अक्रोडाच्या असतात, कारण ते लाकूड मजबूत असूनही कोरायला सोपे असते आणि हवामानाने फारसे वाकत नाही.

माझी सूचना साधी आहे. शनिवारी दोन तास सुतारशाळा नेमबाजी संघासाठी उघडी ठेवावी. एअर पिस्तुलाची मूठ सहसा एका स्क्रूवर बसते. उस्तादांनी ती काढून द्यावी, पिस्तूल शस्त्रागारातच राहावे. सुतारकाकांच्या देखरेखीखाली, तोंडाला मास्क लावून, फर्निचरच्या उरलेल्या लाकडावर आधी हात बसवावा. मग तळव्याचा ठसा घेऊन, जिथे पोकळी तिथे लांबी भरून आणि जिथे रुतते तिथे कानस मारून मूठ घडवावी. नियम मात्र पाळावा: मुठीने मनगटाला आधार देता कामा नये.

यातून पदक मिळेलच असे नाही. पण स्वतःची मूठ घासताना आपला हात कुठे ताठरतो, कुठे ढिला पडतो, हे कळते. आणि नववीतल्या त्या मित्राला निदान एवढे तरी सांगता येईल, की तुझा हात चुकीचा नाही. त्याच्या मापाची मूठ अजून घडायची आहे.