शेअर बाजारात नाव झालं, पण पोलादपूरच्या एसटी स्टँडवर काय? महाडवरून समजून घेऊ 'एम्प्लॉयर ब्रँडिंग'

बुधवार, १ नोव्हेंबर २०२३. ब्लू जेट हेल्थकेअर या औषधी रसायनं बनवणाऱ्या नवी मुंबईच्या कंपनीचा शेअर बाजारात लिस्ट झाला. ८४० कोटींचा आयपीओ, मागणी जवळपास आठपट. ३४६ रुपयांना दिलेला शेअर पहिल्याच दिवशी चढ्या भावाने उघडला.

शुक्रवार, ३ नोव्हेंबर २०२३. याच कंपनीच्या महाड एमआयडीसीतल्या कारखान्यात सकाळी स्फोट झाला आणि आग लागली. ११ कामगार बेपत्ता असल्याचं समोर आलं. एनडीआरएफची तुकडी आली. शनिवारपर्यंत ७ मृतदेह हाती लागले होते, उरलेल्यांचा शोध सुरूच होता.

दोन तारखांच्या मध्ये एकच दिवस. चूक कुणाची हे ठरवणं तपास यंत्रणांचं काम आहे, ते इथे करायचं नाही. आपला प्रश्न वेगळा आहे. कंपनीचं 'नाव' म्हणजे नेमकं काय, आणि ते कुणाकडे असतं? कारण बाजारातल्या नावाला त्या शुक्रवारचा कायमचा फटका बसला नाही. २०२५ च्या मध्यावर हाच शेअर इश्यूच्या किमतीच्या दुपटीहून वर होता. पण शेअर घेणारा आणि शिफ्टला जाणारा ही दोन वेगळी माणसं आहेत, आणि दोघांच्या वह्याही वेगळ्या असतात.

आधी हा शब्द काय आहे ते पाहू

तुमच्या फीडवर 'वुई आर हायरिंग'च्या पोस्ट, ऑफिसातल्या दिवाळीचे रील आणि 'काम करण्यासाठी उत्तम जागा' असा बिल्ला येतच असेल. या सगळ्याला एचआरच्या भाषेत एम्प्लॉयर ब्रँडिंग म्हणतात. टिम अँबलर आणि सायमन बॅरो या दोघांनी १९९६ मध्ये एका शोधनिबंधात ही कल्पना मांडली. साबण विकताना ब्रँड जपता, तसाच नोकरी देणारा म्हणूनही जपा, हे तिचं सार. माणसं स्वस्तात मिळतात, टिकतात आणि पगारावरून घासाघीस कमी करतात, हा त्यातला व्यवहार.

बिल्ल्याचा व्यवहारही समजून घ्यायला हवा. 'ग्रेट प्लेस टू वर्क'सारखी संस्था कर्मचाऱ्यांचा सर्व्हे घेते. दहापैकी साधारण सात जणांचा कौल चांगला आला की प्रमाणपत्र मिळतं. या सगळ्याची फी कंपनी भरते. यात लबाडी आहे असं नाही. सर्व्हे खराच असतो आणि बऱ्याच कंपन्या त्यातून खरंच काही शिकतात. पण तो घेतला जातो कंपनीच्या पगारपत्रकावर असलेल्यांचा.

महाडमध्ये गाडी अडते ती इथेच.

पगारपत्रकावर कोण असतं?

महाडची एमआयडीसी सावित्रीच्या खोऱ्यात, बिरवाडीच्या बाजूला पसरलेली आहे. विनती ऑरगॅनिक्सने १९९२ मध्ये आयबुप्रोफेनला लागणारं रसायन बनवायला सुरुवात केली ती इथे. लक्ष्मी ऑरगॅनिक, प्रिवी, हायकल, सुदर्शन अशी शेअर बाजारातली ओळखीची नावंही इथे आहेत. जगभरात जाणारा माल या पट्ट्यात बनतो.

अशा कुठल्याही रसायन कारखान्यात गेटमधून आत जाणारी माणसं दोन प्रकारची असतात. एक परमनंट आणि दुसरी ठेक्यावरची. ड्रम भरणं, टाकी धुणं, पाइपलाइनची दुरुस्ती, शटडाउनमधली साफसफाई ही कामं बऱ्याचदा ठेकेदाराच्या माणसांकडे असतात. म्हणजे रसायनाच्या सगळ्यात जवळ जाणारा माणूस अनेकदा कंपनीचा कर्मचारीच नसतो. त्याचा गेटपास कंपनीचा आणि पगार ठेकेदाराचा. सर्व्हे त्याला विचारत नाही. नोकरीचे रिव्ह्यू टाकायच्या ॲपवर तो फारसा दिसत नाही, तिथे गर्दी असते ती ऑफिसातल्या लोकांची.

म्हणून तर बिल्ला मिळवलेल्या कंपनीबद्दल गावात अगदी वेगळं मत असू शकतं, आणि दोन्ही मतं खरी असू शकतात.

पोलादपूर तालुक्यात मोठी कारखानदारी नाही. डोंगराळ भाग, पावसावरची भातशेती, घरटी कुणीतरी मुंबईला. गावात राहून नोकरी करायची तर वीसेक किलोमीटरवरचं महाड हाच जवळचा पर्याय. आयटीआय किंवा बीएस्सी केमिस्ट्री झालेला मुलगा नोकरी शोधायला लागला की घरात जे प्रश्न विचारले जातात, ते कुठल्याच एचआरच्या फॉर्मवर नसतात. परमनंट की ठेक्यावर? गाडी कुठपर्यंत येते, नाईट शिफ्टनंतर सोडते का? पीएफ कापतात तो भरतात का? २०२१ च्या जुलैत महाड पाण्याखाली होतं, तळियेला दरड कोसळली, पोलादपूरचे रस्ते बंद पडले, तेव्हाच्या गैरहजेरीचं कंपनीने काय केलं? आणि गणपतीला रजा मिळते का?

शेवटच्या प्रश्नाला हसू नका. स्थानिक तरुणांना कामावर का घेत नाही, असं विचारलं की 'सणाला दांड्या मारतात' हे कोकणातल्या कारखानदारांचं ठरलेलं उत्तर असतं. उद्योगांत ८० टक्के स्थानिक असावेत हे राज्याचं धोरण जुनं आहे, २००८ मध्ये त्याचा शासन निर्णयही निघाला. तरी हा वाद मिटत नाही. मला विचाराल तर दोन्ही बाजू अर्धंच सांगतात. ज्याला कायम होण्याची आशा नाही, तो सहा महिन्यांच्या ठेक्यासाठी गौरी-गणपती का सोडेल? आणि रिॲक्टर चालू असताना निम्मी शिफ्ट गावी गेली तर प्लँट कुणी चालवायचा, हा मॅनेजरचा प्रश्नही खोटा नाही. रजेची पाळी दोन महिने आधी लावून हे सोडवता येतं, आणि अशी पाळी लावणाऱ्या कारखान्याचं नाव वाडीत लगेच कळतं.

हे सगळं जुनंच आहे

कोकणातला माणूस मुंबईच्या गिरणीत जायचा तेव्हाही कंपनीचं नाव असंच पसरायचं. गावकीच्या खोलीत, खाणावळीत, गावाहून आलेल्याच्या तोंडून. भरती जॉबरच्या हातात असायची. तो आपल्या गावची माणसं आणायचा, काम द्यायचा आणि त्याचा मोबदलाही वसूल करायचा. आजच्या ठेकेदाराचा हा आजोबा म्हणायला हरकत नाही.

चांगली जागा कुणासाठी, हा प्रश्नही तेव्हापासूनचा. गिरण्यांच्या विणकाम खात्यात पगार चांगला होता, पण तिथे दलितांना काम मिळत नसे. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागायचा आणि सवर्ण विणकरांना विटाळ नको होता. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा मुद्दा लावून धरला. १९२७ ची महाडची परिषद उभी करण्यात पुढे असलेले रा. बा. मोरे हे महाड भागातलेच, आणि नंतर मुंबईत कामगार चळवळीतच राहिले. चवदार तळ्याचा सत्याग्रह पाण्याचा म्हणून आपल्या लक्षात आहे, पण त्यातल्या माणसांसाठी गिरणीचं दार आणि तळ्याची पायरी हे एकाच लढ्याचे भाग होते.

मालकाच्या बाजूचंही एक उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. अडचण मनुष्यबळाची होती, माणसं टिकत नव्हती आणि गैरहजेरी भरपूर. दंड लावण्याऐवजी गिरणीने १८८६ मध्ये पेन्शन फंड सुरू केला, १८९५ पासून अपघाताची भरपाई देऊ केली. त्या काळी हे देण्याची सक्ती करणारा कायदा नव्हता. टाटा समूहाच्या इतिहासात आणखी एक गोष्ट आवर्जून सांगितली जाते ती आग विझवणाऱ्या स्प्रिंकलरची, जे या गिरणीने फार लवकर बसवले. एचआर खातं नव्हतं, बिल्ला नव्हता, पण माणूस टिकू लागला. यात निव्वळ दयाळूपणा शोधू नये. तो हिशेब होता, आणि बरोबर निघाला.

रसायन कारखान्यात हा हिशेब जास्त कडक

कापडाच्या गिरणीत नवखा माणूस धागा तोडतो. रसायनाच्या प्लँटमध्ये नवख्याच्या चुकीची किंमत वेगळी असते. तापमान चढायला लागलं, व्हॉल्व्हचा आवाज बदलला, वास वेगळा आला, हे ओळखायला वर्षं लागतात. दर सहा महिन्यांनी माणसं बदलणाऱ्या ठेक्यात ती ओळख साचतच नाही. त्यामुळे चांगलं नाव हा इथे सुरक्षिततेचाच भाग आहे. पण याच्या उलट एक सापळाही आहे. कारखान्याच्या गेटवर 'अपघाताविना इतके दिवस' असा फलक बघितला असेल. आकडा शून्यावर येऊ नये म्हणून बोट कापलेल्या माणसाला गुपचूप बाहेरच्या दवाखान्यात नेलं, तर फलक चमकतो आणि पुढच्या मोठ्या अपघाताची सूचना मात्र हरवते. त्यापेक्षा लहानसहान घटना मोकळेपणाने नोंदवणारा कारखाना कागदावर वाईट दिसला तरी आत जास्त सुरक्षित असू शकतो.

कायद्याने कामगाराला काय दिलंय? भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांवर स्वतंत्र प्रकरण घातलं गेलं. कोणत्या रसायनात काय धोका आहे हे कामगारांना आणि आसपासच्या लोकांनाही सांगणं मालकावर बंधनकारक झालं. जिवाला तातडीचा धोका वाटला तर ते निदर्शनास आणून देण्याचा हक्क कामगाराला मिळाला. हा गाभा २०२० च्या सुरक्षा व आरोग्य संहितेतही आहे, आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यात प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र द्यायची तरतूद आहे. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते, हा १९७० च्या ठेका कामगार कायद्यातला नियमही पुढे चालू राहिला. पीएफ जमा होतोय का, हे उमंग ॲपवर पाच मिनिटांत बघता येतं. ठेक्यावर असलात तरी बघा.

कंपन्यांसाठीही आता हवा बदलते आहे. कशेडी घाटाखालचा बोगदा वाहतुकीला खुला झाल्यापासून पोलादपूरहून खेडच्या बाजूला जाणं सोपं झालंय, आणि खेडच्या पुढे लोटे परशुरामची एमआयडीसी आहे. तिथेही रसायन कारखानेच. आतापर्यंत 'महाड नाहीतर मुंबई' असं गणित असलेल्या मुलाला तिसरी वाट दिसू लागली, तर गाडी कुठपर्यंत येते याला पूर्वीपेक्षा जास्त किंमत येईल.

मुलाखतीला जाणार असाल तर गेटच्या आत जाण्याआधी बाहेरच दोन मिनिटं थांबा. धोकादायक कचरा हाताळणाऱ्या कारखान्यांनी आत कोणती रसायनं आहेत, किती आहेत, कचरा किती निघतो, हे मुख्य गेटबाहेर फलकावर इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत लिहावं, असा सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २००३ चा आदेश आहे. फलक आहे का, मराठीत आहे का, आणि त्यावरची शेवटची तारीख कधीची आहे, ते वाचा.