आमचे वाद आणि थ्री-नॉट-थ्री

दुबलगुंडीच्या बसथांब्याजवळ जे चहाचे हॉटेल आहे, तिथे सकाळची हुमनाबादची बस येईपर्यंत तीन विषय हमखास निघतात: राजकारण, बंदुका आणि कॉम्प्युटर. चौथा क्रिकेटचा, पण तो हंगामी. कॉलेजला जाणारी आम्ही पाच-सहा मुले, दूध घालून परतणारे दोघे-तिघे, आणि ज्यांना कुठेच जायचे नसते असे काही वडीलधारे. एका बाकावर मराठी चालते, दुसऱ्यावर कन्नड, आणि मालक उधारी मागतो ती दखनीत.

वाद घालू नयेत असे सांगण्यासाठी मी हा लेख लिहीत नाही. "राजकारण बोलू नका, अभ्यास करा" हा उपदेश आम्ही बारावीपासून ऐकत आलो. १९८९ पासून अठराव्या वर्षी मतदानाचा हक्क आहे. म्हणजे मत द्यायचे, पण मांडायचे नाही, असा हा न्याय झाला! माझी तक्रार वेगळी आहे. आमच्या वादांत हरायची सोयच ठेवलेली नसते.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. टीव्हीवरच्या कुठल्याशा सिनेमावरून थ्री-नॉट-थ्री रायफलीचा विषय निघाला. एक म्हणाला, ३०३ म्हणजे ३०३ यार्डांवर अचूक मारा. दुसरा म्हणाला, छे, १९०३ साली तिसऱ्या महिन्यात निघाली म्हणून. तिसऱ्याने तो कारखान्याचा नंबर ठरवून टाकला. तिघांच्याही हातांत मोबाईल आणि तिन्ही मोबाईल साक्षीला हजर. आवाज इतके चढले की भजी तळणारा झारा हातात घेऊन बाहेर आला.

कोपऱ्यात सैन्यातून निवृत्त झालेले आमचे सुभेदार काका बसले होते. ते म्हणाले, "अरे पोरांनो, तुमच्यापैकी रायफल हातात कोणी धरली आहे?" मी एन. सी. सी.तला, म्हणून हात वर केला. "मग तू का गप्प?" म्हणाले. खरे कारण असे की मलाही ठाऊक नव्हते! काकांनी माझ्या खिशातली पेन्सिल काढून सर्वांना दाखवली. "३०३ म्हणजे नळीच्या भोकाचे माप. एका इंचाचे हजार भाग केले तर त्यातले ३०३. साडेसात मिलिमीटरहून थोडे जास्त. ह्या पेन्सिलीहून केसभर जाड." वाद एका मिनिटात संपला. हरलेल्या तिघांपैकी कोणाचाही अपमान झाला नाही, हे मला विशेष वाटले. माप समोर आल्यावर कोणी कोणापुढे वाकत नाही, सगळे मापापुढे वाकतात.

पण लगेच पुढचा फाटा फुटला. ही रायफल म्हणजे भंगार, हिच्यामुळेच आपण १९६२ ला चीनकडून हरलो, हिच्यामुळेच २००८ साली मुंबईच्या सी. एस. टी. स्थानकावर पोलीस हतबल झाले, असे एकाने ठासून सांगितले. दुसऱ्याचे म्हणणे, असली रायफल पुन्हा होणे नाही. काकांनी दोघांनाही थांबवले. ही बोल्टची रायफल. एक गोळी झाडली की बोल्ट वर करायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, खाली दाबायचा, मग दुसरी. मॅगझिनमध्ये दहा गोळ्या. समोर स्वयंचलित हत्यार असेल तर हा वेग कमीच, यात शंका नाही. पण १९६२ ला हिमालयातल्या थंडीत पुरेसे गरम कपडे नव्हते, रस्ते नव्हते, वरचे हुकूम घोटाळ्याचे होते, त्यांचे काय? "रायफल हे एक कारण. तुम्ही तिला एकटीलाच फाशी देता." उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी ही रायफल २०२० च्या प्रजासत्ताक दिनी निवृत्त केली. इतकी वर्षे टिकली म्हणून ती थोर नव्हे, आणि जुनी झाली म्हणून ती कधीच कामाची नव्हती असेही नव्हे.

कॅम्पात ही रायफल मी पहिल्यांदा उचलली तेव्हा चार किलोंच्या वजनाने मनगट भरून आले. त्याहून लक्षात राहिली ती उस्तादांची पहिली ताकीद. रायफल कोणीही हातात दिली, "खाली आहे" असे देवाची शपथ घेऊन सांगितले, तरी आधी बोल्ट उघडायचा आणि आपल्या डोळ्यांनी आत पाहायचे. देणाऱ्यावर अविश्वास म्हणून नव्हे. त्यालाही कोणीतरी "खाली आहे" म्हणूनच दिलेली असते.

कॉम्प्युटरच्या वादाचे तेच. काही म्हणतात त्याने नोकऱ्या खाल्ल्या. हे नवे नाही. साठच्या दशकात कलकत्त्यात आयुर्विमा महामंडळाचा कॉम्प्युटर बसू नये म्हणून कर्मचाऱ्यांनी मोठे आंदोलन केले होते, आणि १९८३ साली बँकांना त्यासाठी संघटनांशी रीतसर करार करावा लागला. दुसरा पक्ष म्हणतो, कॉम्प्युटर खोटे बोलत नाही. या पक्षाला मी आमच्या घरची पहाणी दाखवतो. कर्नाटकात 'भूमी' योजना आली, हाताने लिहिलेली पहाणी बंद झाली, छापील उतारा मिळू लागला. सोय झाली हे नाकारणारा मी कृतघ्न ठरेन. पण आमच्या आजोबांच्या नावात एक अक्षर चुकीचे पडले, आणि ते दुरुस्त करायला वडिलांनी एका कचेरीचे किती खेटे घातले ते त्यांच्या चपलेला ठाऊक. त्यात कॉम्प्युटर खोटे बोलला नाही, खरेही बोलला नाही. कोणीतरी जुन्या कागदावरून जे टंकले ते त्याने छापले. हॉटेलातल्या दोन्ही पक्षांनी हा एकच प्रश्न कधी विचारला नाही: कोणी टंकले, आणि कोणत्या कागदावरून?

आपल्या या अंकाच्या मराठी आणि कन्नड विभागांतही मागे असाच सामना रंगला. कॉम्प्युटरवर पुढे कोण? त्यांनी 'नुडी'चे नाव घेतले, आम्ही पुण्याच्या 'सी-डॅक'चे. आमच्या सरांनी काही न बोलता लॅबमध्ये इनस्क्रिप्टचा कळफलक लावला आणि इंग्रजी 'के'ची कळ दाबली. पडद्यावर क. भाषा बदलून कन्नड केली, तीच कळ दाबली. कन्नडचा क. तीच गोष्ट त, प, र यांची. भारतीय लिप्यांची वर्णमाला एकच, हे ओळखून ही मांडणी केली गेली, आणि लिप्यांच्या संकेतांकांचे 'इस्की' हे प्रमाणही भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली याच पायावर ठरवले. पुढचा अर्धा तास आम्ही एकमेकांची नावे एकमेकांच्या लिपीत टंकत बसलो. सामना अनिर्णित.

आता कोणी म्हणेल, राजकारण असे पेन्सिलीने मोजता येते काय? नाही येत. १९५६ साली जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर-निलंगा एकीकडे गेले, जहिराबाद दुसरीकडे, आम्ही तिसरीकडे. माझी आत्या आज महाराष्ट्रात, मावशी तेलंगणात. आम्ही कुठे असायला हवे होते, हे कोणतेही माप सांगणार नाही. तो दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. इच्छेचा वाद इच्छेनेच चालायचा. पण आमच्या राजकीय वादांत निम्म्याहून अधिक भाग इच्छेचा नसून घडलेल्या गोष्टींचा असतो, आणि तिथेही आम्ही बोल्ट उघडत नाही.

दर १७ सप्टेंबरला झेंडावंदन झाले की हॉटेलात १९४८ निघते. यंदा एक म्हणाला, प्रत्येक रझाकाराकडे नवी कोरी रायफल होती. दुसरा म्हणाला, कसली रायफल, काठ्याच होत्या. लष्करी इतिहासात येणारा अंदाज असा की दोन लाखांच्या आसपास रझाकारांत साधारण चौथ्या हिश्शाकडे आधुनिक बंदुका होत्या, बाकीच्यांकडे मुख्यतः ठासणीच्या बंदुका आणि तलवारी. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानाने हत्यारे आणून संस्थानात उतरवत होता. ज्या धावपट्ट्यांवर ती उतरली त्यांत आपल्या बीदरचेही नाव घेतले जाते. म्हणजे दोघेही चुकले. पण या वेळी कोणी हसले नाही. मग एका बाकावरून गोर्ट्याचे नाव आले, मे १९४८ मध्ये रझाकारांनी केलेले ते हत्याकांड. दुसऱ्या बाकावरून कोणी हळूच म्हणाले, पोलीस कारवाईनंतर काय झाले तेही सांगा. तेही झालेच. १९४८ च्या अखेरीस पंडित सुंदरलालांची समिती फिरली. तिने सर्वांत जास्त झळ बसलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले त्यांत बीदर आणि गुलबर्गा दोन्ही आहेत. संस्थानभरात २७ ते ४० हजार माणसे मेली असा तिचा अंदाज. हा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आलाच नाही. गोर्टाही खरे आणि हेही खरे. पण एक खरे बोलले की दुसरे खोटे पाडावेच लागते असा हॉटेलाचा कायदा असावा, कारण दोन्ही बाक उभे राहिले.

त्या गदारोळात पंच्याऐंशीच्या घरातले आमचे चाचा अर्धा चहा बशीत तसाच ठेवून उठून गेले. १९४८ साली ते सात-आठ वर्षांचे असतील. त्या हॉटेलात ते दिवस डोळ्यांनी पाहिलेला तो एकच माणूस होता, आणि त्याला कोणी काही विचारले नाही. मीही नाही. मी तेव्हा चौथा हिस्सा की तिसरा, हे मोबाईलवर शोधत होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या दाराशी गेलो. "चाचा, काल तुम्ही उठून का गेलात?" ते म्हणाले, "बस आली नव्हती काय? मला वाटले, तुम्ही सगळे आता जाल." मग थोडे थांबून म्हणाले, "रविवारी ये. वही आण. माझे दात नाहीत, हळू लिही." माझी दखनी कच्ची आहे, म्हणून कन्नड विभागाच्या संपादकाला बरोबर नेणार आहे. तो आत्तापासूनच म्हणतो आहे की पहिला प्रश्न तोच विचारणार. त्यावर आमचा वाद चालू आहे.